बारा घरांचं गाव

ठमाबाईने मालूची वेणी घातली, मनासारखी बसली नाही म्हणून सोडली, आणि पुन्हा विंचरायला घेतली. बंगल्यासमोर टांगा उभा होता. गाडी कुणाच्या वेणीसाठी ठाणे स्टेशनात थांबत नाही, असं पाद्रीसाहेब दोनदा सांगून गेले होते.

पाद्रीसाहेबांच्या या पोरीचं खरं नाव मेरी. आई बाळंतपणातच गेली, तेव्हा खाडीकाठच्या ठमाबाईने तिला आपल्या सुनेच्या अंगावर पाजून वाढवली. आता ती सहा वर्षांची घोडी आगऱ्यांच्या बोलीत कडाकडा भांडायची. बापाशी बोलताना मात्र शब्द शोधत राहायची. आणि बापाला विलायतेत चर्च मिळालं होतं. बारा घरांचं गाव, भोवती मेंढरं.

बारा घरं म्हणजे आमच्या मिठागरावर झोपड्या जास्त, ठमाबाईने ऐकवलं. पोरीने भांडायचं कुणाशी, मेंढरांशी? पाद्रीसाहेब हसले. तिथेही देव आहे, म्हणाले.

"देव हाय. पन तिला भूक लागली त कलंल कोनाला?"

ते पुन्हा हसले. चार सुनांना धाकात ठेवणाऱ्या बाईच्या तोंडी विनवणी अशी टोचतच येते, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

अखेर वेणी झाली. मालूने शिकवल्याप्रमाणे वाकून पायांवर डोकं ठेवलं.

"येते गं आये."

पाद्रीसाहेब टांग्याच्या पायरीवर थबकले. मराठी ते पुस्तकातून शिकले होते, आणि खोटं त्यांना खपत नसे.

"मेरी, असत्य बोलू नये. आपण परत येणार नाही. 'जाते' म्हण."

टांगेवाल्याने मान खाली घातली. ठमाबाईच्या घरात नुसतं विहिरीवर निघतानाही कुणी 'जाते' म्हटलं तर टाळक्यात बसायची. तो शब्द मेलेल्या माणसाचा. मालू तिच्याकडे बघत राहिली. कुणाचं खरं, एवढंच तिला कळायला हवं होतं.

ठमाबाईने तोंड उघडलं. मग तिच्या डोळ्यांपुढे विलायतेची बोट आली, बोटीवरची पोर आली, आणि तिच्या बाजूने बोलायला शेजारी कुणीच दिसलं नाही.

"बापाचं आयक," ती म्हणाली.

"जाते," मालू म्हणाली.

"ये," ठमाबाईच्या तोंडून निघून गेलं. आणि हेही खोट्यात धरतात की काय, म्हणून जन्मात पहिल्यांदा तिने एका पुरुषाच्या तोंडाकडे भीत भीत पाहिलं.

ते घड्याळ बघत होते.