एकोणीस नॅनोसेकंद

बिरूनं म्हैसमाळच्या डोंगरावर दहा दिवस एका अणुघड्याळाची राखण केली होती. खरं तर सहाच. उरलेल्या चार दिवसांचं त्यानं प्रयोगशाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. घड्याळाची खोली सोडली तर नोकरी जाणार, हे त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आता घड्याळ शहरात, गारखेड्याच्या प्रयोगशाळेत परत आलं होतं आणि तिथली संशोधक तनुजा ते तिथल्या जोडीच्या घड्याळाशी ताडून पाहत होती. जमिनीपासून वर जावं तसं गुरुत्वाकर्षणामुळं घड्याळ किंचित पुढं पळतं. डोंगर शहरापेक्षा पाचशे मीटर उंच. फरक दिवसाला पावणेपाच नॅनोसेकंदांच्या आसपास, आणि एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. दहा दिवसांचे सत्तेचाळीस यायला हवे होते.

आले अठ्ठावीस. तिनं तीनदा मोजलं.

"बिरूभाऊ, घड्याळ मधे बंद पडलं होतं का?"

"नाय ताई. एक मिनिट बी नाय."

हे खरं होतं. तनुजानं कागदावर भागाकार केला आणि तिचं पेन थांबलं.

"एकोणीस कमी. म्हणजे चार दिवस. चार दिवस हे वर नव्हतंच. खाली होतं, शहराच्या पातळीला."

बिरूच्या हातातला चहा पँटवर सांडला.

"सोमनाथ बोलला का?"

"कोण सोमनाथ?"

"माझा मेव्हणा. पडेगावचा."

"मला घड्याळानं सांगितलं."

बिरू घड्याळाच्या त्या लोखंडी पेटीकडं बघत राहिला. मेंढरू कुठं चरून आलं, हे तो लेंडीवरून ओळखायचा. पण ह्या पेटीनं चार दिवसांत ना काही खाल्लं होतं, ना टाकलं होतं.

"तारेवर झाड पडलं," तो हळू बोलला. "चार दिवस लाईट येणार नाय म्हणले. इन्व्हर्टर दम टाकाया लागला. तुम्हीच म्हणला होता, काय बी होऊ द्या, घड्याळ बंद पडू देऊ नका. कोकरू आजारी पडलं की उचलून वस्तीवर नेतो, तसंच खाली सोमनाथच्या घरी नेलं जीपमधून, इन्व्हर्टरसकट."

"मला फोन का नाही केला?"

"तुम्ही खोली सोडू नको म्हणला असता."

तिनं तसंच म्हटलं असतं. तिनं नोंदवही उघडली. त्या चार दिवसांसमोर बिरूच्या अक्षरात एकच मजकूर होता : म्हैसमाळ, सर्व ठीक.

बिरूनं खोलीची किल्ली टेबलावर ठेवली.

"खाली कधी आणलं? नेमकी वेळ सांगा."

"सोमवारी दिवेलागणीला. शुक्रवारी दुपारच्याला परत वर नेलं."

तिनं पुन्हा आकडेमोड केली. उत्तर आलं एकोणतीस. पडद्यावर अठ्ठावीस होते. एकाच नॅनोसेकंदाचा फरक. घड्याळ इतकं नेमकं सांगेल, असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

तिनं पेन त्याच्याकडं सरकवलं. "ह्या चार ओळींवर एकेक रेघ मारा. खोडलेलं वाचता आलं पाहिजे. खाली खरं लिहा आणि सही करा."

बिरूनं लिहिलं. मग किल्लीकडं बघत विचारलं, "आन् पुन्हा लाईट गेली तर?"

"तर फोन करा. सोमवारपासून पुढचे दहा दिवस घड्याळ घेऊन पुन्हा वर जायचंय."

त्यानं किल्ली उचलली. जाताना तो पेटीपासून जरा अंतर ठेवूनच गेला.