नाकावर टिच्चून

आमच्या संग्रहालयाच्या कार्यशाळेत त्यांना सगळे चिकटबाई म्हणायचे. एक तर हात कायम रेझिनने माखलेले, आणि एखादी गोष्ट धरली की सोडायचं नाव नाही. प्राण्यांचे नमुने घडवणं त्यांचं काम, ते रंगवणं माझं. एकोणीस वर्षं आम्ही शेजारी बसून काम केलं.

त्या वर्षी नवं दालन उघडायचं होतं. आईच्या पोटात देवमाशाचं पिल्लू वाढतं तेव्हा त्याचा श्वासाचा मार्ग कसा घडतो, हा विषय. पाच टप्प्यांचे पाच नमुने, एका बाजूने कापून आतली नळी दाखवणारे. मार्गदर्शनाला एक संशोधक मुलगी होती, कंत्राटावर नेमलेली. तिनं तळघरातल्या काचेच्या बरण्या वर आणल्या. पहिलीत अंगठ्याएवढा गर्भ होता.

"याचं नाक शोधा," तिनं भिंग पुढे केलं.

मी डोक्यावर शोधत बसलो. बाईंना ते लगेच दिसलं. थोबाडाच्या अगदी टोकाला, वासराला असतात तशा दोन बारीक नाकपुड्या.

मग तिनं स्कॅन दाखवले. पहिल्या गर्भात श्वासाची नळी टाळूला समांतर, जवळजवळ आडवी होती. पुढच्यात ती तिरकी झाली. पाचव्यात उभी, सरळ कपाळाकडे गेलेली. तोवर जबडे लांब झाले होते आणि नाक डोक्यावर पोचलं होतं. बाहेरची दोन भोकं मिळून एकच झालं होतं, पण आत, हाडातून, नळ्या अजून दोनच होत्या.

बाईंनी पाचव्या स्कॅनवर बोट ठेवलं. "म्हणजे नाक वर चढतं, की तोंड त्याला मागे टाकून पुढे पळतं?"

मुलगी हसली. "दोन्ही थोडं थोडं. हे मला कुणी आधी विचारलं असतं ना, तर माझे सहा महिने वाचले असते."

दोन महिने आम्ही खपलो. पहिला गर्भ दालनासाठी उशीएवढा मोठा करायचा होता. पण हाताला आकार कळावा म्हणून बाईंनी आधी खऱ्या मापाचा, अंगठ्याएवढा नमुना आणि त्याचा साचाही केला. नळीचा कोन त्या कोनमापकानं मोजायच्या. चार अंशांचा फरक पडला म्हणून त्यांनी तयार झालेला दुसरा नमुना फोडला, तेव्हा मी डोक्याला हात लावला.

उद्घाटनाला दहा दिवस असताना संचालकसाहेब आले. पहिल्या नमुन्यासमोर थांबले.

"हे काय, डुकराचं पिल्लू?"

"देवमाशाचा गर्भ, साहेब," बाई म्हणाल्या.

"मग नाक पुढे कसं?"

"सुरुवातीला पुढेच असतं."

"लोक म्हणतील, संग्रहालयाला एवढंही कळत नाही. यातही भोक डोक्यावर करा. एकसारखं दिसेल."

"सर, शास्त्रीयदृष्ट्या..." मुलीनं सुरुवात केली.

"तुम्ही यात नाक खुपसू नका."

कुणी हसलं नाही. तिचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं. तिनं भिंग खिशात घातलं.

"एकसारखंच हवं तर पाच कशाला?" बाई म्हणाल्या. "एकच ठेवा, धूळ पुसायला सोपं."

दुसऱ्या दिवशी लेखी हुकूम आला. बाईंनी त्याच्यावरच ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'हे मी करणार नाही', खाली सही केली, आणि आणणाऱ्या शिपायाच्याच हाती परत धाडला.

साहेबांनी मला मध्यस्थीला पाठवलं. बाई आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचं दोन खोल्यांचं घर. ताई शिवणकाम करायच्या. मशीन थांबवून त्या माझ्यावरच उखडल्या, "सांग बाबा तिला! एक भोक इकडचं तिकडे केल्यानं काय आभाळ कोसळणार आहे?"

"ताई, तू कोटाची बाही पाठीवर लावशील?" बाईंनी विचारलं.

"गिऱ्हाईक म्हणालं तर लावीन!"

"आणि तो कोट कुणाला घालशील?"

ताईंनी मशीन पुन्हा सुरू केलं, गरजेपेक्षा जोरात.

मग साहेबांनी मला बोलावलं. पुट्टी तू भर म्हणाले. घरी दोन मुलं, म्हातारी आई. मी भरली. पुढच्या नाकपुड्या बुजवल्या, डोक्यावर एक भोक पाडलं, वरून रंग दिला. त्याची आता सारवासारव करत नाही.

सकाळी बाईंनी सुरीनं ती खरवडून काढली. मी पुन्हा भरली. त्यांनी पुन्हा काढली. असं तीनदा झालं. चौथ्या दिवशी पहारेकऱ्यानं त्यांना दालनाच्या दारातच अडवलं. त्या परत आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"पुट्टी छान बसलीय रे. तुझा हात सफाईदार आहे, हे मी नेहमीच म्हणते."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी त्यांनी रजा टाकली आणि छोटा साचा पिशवीत घालून सगळ्यांदेखत घेऊन गेल्या.

उद्घाटनाच्या सकाळी फाटकाबाहेर रांग लागली होती. फुटपाथवर बाई उभ्या, शेजारी ताई, हातात बटणांचा मोठा डबा. डब्यात अंगठ्याएवढे, राखाडी गर्भ, शंभराच्या वर. ताई पुटपुटत होत्या, "चार दिवस घरभर नुसता रेझिनचा वास," पण प्रत्येकाच्या हातावर एक ठेवत होत्या.

"देवमाशाचा गर्भ आहे," बाई सांगत होत्या. "नाक शोधा, आणि आत जाऊन ताडून बघा."

पहारेकरी धावला. फुटपाथ संग्रहालयाचा नव्हता, त्यामुळे त्याला काही करता येईना. शेवटी त्यानंही एक घेतला.

आत पहिल्या नमुन्याभोवती कोंडाळं झालं. एका म्हातारीनं चष्मा वर सरकवला, हातातला गर्भ पाहिला, मग समोरचा.

"अहो, यात नाक पुढे आहे, तुमच्यात डोक्यावर. खरं कुठलं?"

"बाहेरचं वाटप अनधिकृत आहे," साहेब म्हणाले.

"ते मी विचारलंच नाही. खरं कुठलं?"

संशोधक मुलगी भिंतीशी उभी होती. तिचे कान लाल झाले. "बाहेरचं," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, "बाहेरचं खरं आहे." आणि मग ती थांबेचना. आडवी नळी, उभी नळी, लांबणारे जबडे, सगळं सांगत सुटली. लोक नमुन्यांपाशी सरकत सरकत तिच्यामागून गेले.

मी रंगाची पेटी घेऊन कोपऱ्यात होतो, कुठे ओरखडा दिसला तर डागडुजीला. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी दोरी ओलांडली, सुरी काढली आणि पुट्टी खरवडायला लागलो. वाळलेली पुट्टी, सहजी निघत नव्हती.

"रंगारी!" साहेब ओरडले.

"झालंच साहेब. एकच नाकपुडी राहिलीय."

हशा पिकला. साहेबांना तो फार लागला असावा.

मला त्यांनी दोन महिने कुंपणाचे गज रंगवायला लावले. मुलीचं कंत्राट वाढवलं नाही. ती दुसरीकडे गेली, तिथे तिला स्वतःची खोली आणि स्वतःची बरणी मिळाली असं तिनं कळवलं. पहिल्या नमुन्याला मात्र पुन्हा कुणी हात लावला नाही, कारण त्याचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला होता, पुढच्या नाकासकट.

बाईंना निलंबनाचं पत्र गेलं. दिलगिरी व्यक्त केल्यास परत घेऊ, असं त्यात होतं. बाईंनी उत्तर लिहिलं, 'दिलगीर नाही.'

दुसरं पत्र घेऊन मीच गेलो. त्यात दिलगिरीची अट नव्हती. 'दालनातील त्रुटी लक्षात आल्याने' त्यांना पुन्हा रुजू करून घेत होते. बाईंनी उभ्याउभ्याच वाचलं.

"त्रुटी म्हणे! चूक झाली असं लिहा म्हणावं, मग येते."

"अगं, आता पुरे," ताई म्हणाल्या.

"पुरे कशाला? त्यांच्याकडे कागद संपलाय का?"

मी पत्र परत नेलं. साहेबांनी तीन आठवडे काढले. तिसऱ्या पत्रात तो शब्द होता, शेवटच्या ओळीत, दोन लांबलचक शब्दांच्या मध्ये दडवलेला, पण होता. बाईंनी तो ताईंना मोठ्यानं वाचून दाखवला, दोनदा. आणि सोमवारी कामावर आल्या.