डाव्या हाताच्या बांगड्या

वेसाव्याच्या जानकीच्या घरात सकाळचा चहा झाला की पहिलं काम ठरलेलं असे. सुनेचा डावा हात उशीवर घ्यायचा, मनगटातल्या हिरव्या बांगड्यांवर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायची आणि हात हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी कपडे ठासायचे. हे ती इतक्या मायेनं करी, की शेजारणी म्हणत, सासू असावी तर अशी.

सून सगुणा बाजारात मासळी विकायची. नारळी पौर्णिमेनंतर होड्या दर्यात गेल्या आणि थोड्याच दिवसांत एका सकाळी पाटी उचलताना ती कोसळली. मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला, वाचा अडखळत परतली, ती पायावर उभी राहू लागली. डावा हात मात्र लुळा पडला आणि पंजा सुजला.

घरी व्यायाम घ्यायला दिशा नावाची फिजिओथेरपिस्ट येई. तिनं पहिल्याच भेटीत बजावलं, की सुरुवातीच्या महिन्यांत मेंदू जेवढं नव्यानं शिकतो तेवढं पुढे शिकत नाही. या हाताला आताच कामाला लावायला हवं. पंजा टेबलावर टेकून भार द्यायचा, वाटी धरायची, फडक्यानं पुसायचं. पण सुजेमुळे बांगड्या रुतल्या होत्या. भार देताना काच फुटून मनगटात घुसली असती आणि साबण लावूनही त्या निघेनात. फोडाव्याच लागणार होत्या.

इथेच घोडं अडलं. जुन्या कोळी घरांत लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात, त्यानं तिच्या नवऱ्याला राखावं म्हणून. उरतात त्या डाव्या हातातल्या. नवरा दर्यात असताना त्या फोडायच्या, हे जानकीला ऐकवेना.

"पोर माजा दर्यात हाय," ती म्हणाली. "तो येऊ दे, मंग बघू."

"मावशी, तोवर हात आखडेल," दिशा म्हणाली.

जानकीनं पट्टीची गाठ आणखी घट्ट केली. तिचा स्वतःचा नवरा दर्यातून परतलाच नव्हता. बायकांनी तिला वाळूत बसवून दगडानं तिच्या बांगड्या फोडल्या होत्या, तो आवाज अजून तिच्या कानात होता. तिची भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीची किंमत दुसऱ्याच बाईचा हात मोजत होता, हे तिला कोणी सांगितलं नाही. आळीनं उलट पाठ थोपटली.

सगुणाचा नवरा हरेश्वर दर्यातून आला तेव्हा सगुणानं सुजलेला हात त्याच्यापुढे धरला आणि अडखळत म्हणाली, "तू सांग आयेला." त्यानं हाताकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. परवा पुन्हा होडी सुटणार होती. "तुमी बायका काय ते ठरवा," एवढं बोलून तो जाळं बघायला उठला. स्वतःच्या जिवाची भीती त्यालाही होतीच, फक्त ती त्यानं आईच्या पदराआड लपवली.

मग दिशा व्यायामाला बसली की जानकी मध्ये येई. बांगडीला धक्का लागेल म्हणून मनगट वाकवू देईना. सगुणानं डाव्या हातानं वाटी ढकलायचा प्रयत्न केला, की "रहू दे बाय, मी हाय ना," म्हणत तीच घास भरवी. हाताला काही करूच दिलं नाही आणि हात विसरत गेला.

थंडी सरता सरता सूज उतरली. बांगड्या एकूण एक शाबूत राहिल्या, वाळलेल्या मनगटावर सैल झाल्या. खाली बोटं मुठीत वळून घट्ट बसली होती.

एका सकाळी मोरीत सगुणाचा पाय घसरला आणि बांगड्यांचा चुरा झाला. हरेश्वर दर्यात होता. जानकी किनाऱ्यावर जाऊन बसली ती उठेना. शेजारची शेवंती जेवायला बोलवायला आली, तर तिनं हातानंच नको म्हटलं. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच होती.

तिसऱ्या प्रहरी होडी आली. हरेश्वर चिखलात उतरला, जांभई दिली आणि म्हणाला, "चाय टाक गो आये, डोकं दुखतंय."

जानकीला रडू फुटलं. आधी आनंदाचं होतं. मग ती पुन्हा बोलवायला आलेल्या शेवंतीकडे वळली. "बांगड्या फुटल्या तरी पोर आला," ती म्हणाली. "सगल्या आळीला सांग. सुनेचा हात मी फुकट घालवला, ह्ये पन सांग."

घरी येऊन तिनं पट्टी फेकली, सगुणाची मूठ मांडीवर घेतली आणि एकेक बोट सरळ करू लागली. बोटं हलेनात. तिनं जोर लावला.

"नको आये," सगुणा म्हणाली. "आता दुखतं."