विरुद्ध बाजूचा रकाना

कागदी कपाची कड त्याने चावून चावून पार भिजवली होती, चहा केव्हाच संपला होता, आणि समोर संगणकाच्या पडद्यावर एकच वाक्य होतं — ‘या चित्रपटाला हसणाऱ्याने आधी स्वतःच्या घरात डोकावून पाहावं.’ वा रे वा! झकास वाक्य. लिहिणारा मात्र परवा त्या अंधाऱ्या हॉलमध्ये सगळ्यांत मोठ्याने हसला होता.

वादाच्या चित्रपटावर दोघांनी लिहायची त्यांच्या पेपरची पद्धत होती. एक रकाना बाजूने, एक विरुद्ध. आणि या चित्रपटाला निम्मे समीक्षक डोक्यावर घेऊन नाचत होते, उरलेले त्याचं नाव घेऊन थुंकत होते. सकाळी संपादकांनी खांद्यावर हात ठेवला. “विरुद्ध बाजू तुम्हीच लिहा. तुमचे वडील नुकतेच... म्हणजे, तुमच्या शब्दाला धार येईल.” धार यायला माणसाचा बाप मरावा लागतो होय? पण तो ‘हो’ म्हणाला होता.

चित्रपटात तीन भावंडं बापाला मारतात, लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून प्रेत खुर्चीला बांधून जिना उतरतात; दर वळणावर डोकं कठड्यावर आपटतं — ठक् — आणि थोरला दर वेळी म्हणतो, “सॉरी, बाबा.” पहिल्या वेळी हॉल गप्प होता, दुसऱ्या वेळी कुणीतरी खुसखुसलं, तिसऱ्या वेळी तो — तो म्हणजे मीच, दुसरं कोण — पोट धरून हसलो, कारण आमचीही लिफ्ट अरुंदच, बाबांना आम्हीही खुर्चीवरूनच उतरवलं, मी पुढे पाठमोरा, मागे बहीण, आणि वळणावर तो आवाज झाला तसं माझ्या तोंडून आपसूक निघालं, “लागलं का हो?”... मेलेल्या माणसाला! तेव्हा मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

परवा हीच धाकटी बहीण शेजारी बसली होती. तोंडात रुमाल कोंबून ती बाहेर पळाली. खांदे गदगदत होते. तिच्या मागे जायला हवं होतं, पण मेलं हसू थांबेना. तेव्हापासून तिने फोन उचलला नव्हता. रक्ताचं म्हणावं असं तेवढंच एक माणूस उरलं होतं, आणि तेही आपण हसून घालवलं... म्हणून हा रकाना. ती वाचेल. म्हणेल, दादा हसला खरा, पण मनातून नाही.

फोन वाजला. धाकटीच.

“लिहिलंस?”

“लिहितोय. विरुद्ध.”

“चांगलं झोडप.”

“झोडपतोच आहे. तू... त्या दिवशी फार रडलीस ना?”



“दादा, मी रडत नव्हते रे. तुझं ते ‘लागलं का हो’ आठवलं.” तिचा आवाज फुटला, हसण्याने की कशाने, कळेना. “आपल्या जिन्यातही तेच झालं होतं. तू पाठमोरा होतास. खुर्ची हातातून सुटते की काय, इतकी हसत होते मी. तू वाईटच लिही हं. माझ्याही वाटचं लिही.”

तिने फोन ठेवला. बहीण तुटली नव्हती. हायसं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. मग पडद्यावरचं वाक्य त्याने पुन्हा वाचलं. इतके दिवस तो स्वतःची समजूत घालत आला होता — आपल्याला नसेल येत रडू, पण ती रडते आहे, घरातलं कुणीतरी रडतं आहे. मी नाही, तीही नाही... मग बाबांसाठी रडलं कोण?