अळीचं पाणी

मॅग्नेशियम क्लोराईड, वीस भाग.

थर्माकोलचा गोळा, वाटाण्याएवढा, हवेच्या झोतावर तरंगणारा.

बाईंचा नवरा, मोजे चढवता चढवता: "मीठ आणि पाणी. त्यात चुकायचंय काय एवढं?"

माशी. उभी.

पिकल्या केळ्यावर घोंगावते ती, तिळाएवढी. तिला पाठीने तारेला चिकटवायचं, डोक्याला बारीक खिडकी पाडायची, उघड्या मेंदूवर खारं पाणी सोडायचं आणि पायांखाली तो गोळा द्यायचा. माशी चालली की गोळा फिरतो आणि चालताना मेंदूत काय घडतं ते सूक्ष्मदर्शकातून दिसतं. तीन महिने गोळा जागचा हलला नव्हता.

संशोधन करणारी मुलगी रडकुंडीला आली होती. तिने हवा बदलून पाहिली, डिंक बदलला, माश्या बदलल्या. मग सोमवारी सरांनी सगळ्यांदेखत, आवाज न चढवता सांगितलं की पाणी बनवणाऱ्या बाईंचं आता वय झालं, क्षारांच्या वजनात हात चुकत असेल. पुढच्या आठवड्यापासून पाणी तयारच मागवू, बाईंनी काचसामान धुवायचं बघावं.

बाईंची इथे सव्वीस वर्षं नोकरी झाली होती. दुपारी डबा न उघडता त्यांनी सगळं पुन्हा मोजलं. वजनकाटा ठीक. क्षार ठीक. कागदावर चिमटी सोडली, पहिल्याच झटक्यात हवा तो आकडा. हातही ठीक.

मग उरलं काय?

कपाटाच्या दारावर चिकटवलेली कृती. अक्षर बाईंचं, आकडे आधीच्या थोरल्या सरांचे. थोरले सर माशीच्या अळ्यांवर काम करायचे. अळीचं रक्त तपासून त्यांनी हे आकडे काढले होते आणि मॅग्नेशियमपाशी बोट ठेवून म्हणाले होते, हे जास्त झालं की नस पेंगते. ते गेले, अळ्याही गेल्या. नव्या सरांनी माश्या आणल्या. अळीला पंख फुटून अकरा वर्षं झाली, कागद मात्र तोच राहिला. माशी चालवायची वेळ आली ती आत्ताच, तोवर कोणाचं काही अडलं नव्हतं.

बाई मुलीच्या टेबलापाशी गेल्या.

"पोरी, ही माशीच ना?"

"मावशी, आज थट्टा नको हं."

"थट्टा कुठली. हिच्या मेंदूवर आपण अळीचं पाणी सोडतोय. अळीला सरपटायचं असतं. हिला चालायचंय."

मुलीने तासभर जुने शोधनिबंध उपसले. पूर्ण वाढलेल्या माशीच्या रक्तात मॅग्नेशियम अळीच्या चौथ्या हिश्श्याइतकंही नव्हतं.

बाईंनी ते तेवढंच घातलं, आणि कमी पडलेलं साखरेने भरून काढलं, नाहीतर पातळ पाण्याने मेंदू फुगला असता. शेजारी जुनं पाणीही ताजं केलं. एका बाटलीला निळा दोरा बांधला, एकीला पांढरा. कुठली कोणती ते चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद केलं आणि सरांना खिशात ठेवायला दिलं. पाणी सरांनीच सोडावं, एवढीच बाईंची अट होती.

निळा दोरा: दहा माश्या. एक चार पावलं चालली, बाकीच्या सासुरवाडीला आलेल्या जावयासारख्या जागच्या हलल्या नाहीत.

पांढरा दोरा. पहिल्या माशीने पुढचे पाय एकमेकांवर घासले. गोळा थरथरला. थांबला. मग असा गरगरला की मुलीने टेबलाची कड घट्ट धरली. दुसरी चालली. तिसरी. दहांतल्या नऊ.

सरांनी पाकीट खिशातच ठेवलं.

"बाई, तुम्हीच सांगा. जुनं कुठलं?"

"निळं. पांढरं नवं." बाईंनी हात पुसले. "हात दोन्हींत हाच."

सरांनी कपाटावरचा कागद नखाने खरवडून काढला, कोरा कागद बाईंपुढे ठेवला आणि स्वतःचं पेन उघडून दिलं. तयार पाण्याचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याने दारातच विचारलं, चालली का?

"चालतेय कसली, पळाली."

नोकरीच्या पहिल्या दिवशी बाईंना बाटल्या धुवायला ठेवलं होतं. वजनकाट्याला हात लावायची परवानगी नव्हती.