सवतीला हाक

थोरली हत्तीण माझी सवत. हे मी लग्नापासून म्हणत आलेय आणि आमचे हे लग्नापासून ऐकून न ऐकल्यासारखं करत आलेत. उमेदीची सगळी वर्षं ह्यांनी तिला सर्कशीत नाचवण्यात घालवली. सर्कस बुडाली, सोडवून आणलेल्या हत्तींच्या या ठिकाणी ती आली आणि शेपटासारखे आम्हीही मागोमाग आलो.

इथे पाहुण्यांनी लांब मचाणावरून बघायचं. हात लावायचा नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. ह्यांना एक नियम जास्तीचा: थोरलीच्या कानावर आवाज जाता कामा नये. ह्यांचा आवाज आला की ती सलाम करायला बघते आणि तिचे गुडघे केव्हाच कामातून गेलेत. म्हणून हे दिवसभर चाऱ्याच्या खोलीत तोंड शिवून भोपळे चिरतात आणि साठवलेली सगळी बडबड घरी येऊन माझ्या कानात ओततात. मी ऐकते. ऐकता ऐकता डोळा लागतो.

परवा सकाळी थोरली आडवी झाली ती उठेचना. हत्ती फार वेळ एका कुशीवर पडला की स्वतःच्याच वजनाने त्याचा श्वास कोंडतो. उचलायचं यंत्र लांबून यायचं होतं. मी ह्यांचा डबा द्यायला चाऱ्याच्या खोलीत आले होते, तेवढ्यात हत्तींच्या डॉक्टरीणबाई चिखलाच्या बुटांनिशी आत आल्या.

"काका, नियम राहू दे. हाक मारा तिला."

ह्यांनी सुरी खाली ठेवली नाही. "नको, बाई. दुसरं काहीतरी बघा."

"दुसरं काही असतं तर आले असते का?"

माझं डोकंच फिरलं. जिच्यापायी जन्मभर घराकडे पाठ केली, ती मरतेय आणि हे भोपळा चिरतायत! "अहो, माणूस आहात की दगड? जा की!"

गेले. मीही मागून गेले. कुंपणाशी उभं राहून ह्यांनी हाक मारली, "ऊठ!" एवढंच. हा आवाज मी घरात कधीच ऐकला नव्हता.

थोरलीचे कान हलले. थरथरत, धडपडत ती उठली. उठली आणि सोंड कपाळाला लावून, दुखरा पाय उचलून तशीच उभी राहिली. मचाणावरची माणसं नियम विसरून टाळ्या पिटायला लागली. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. हे वळून चालायला लागले. हे दिसेनासे झाले तेव्हा कुठे तिने पाय खाली टेकला.

डॉक्टरीणबाई चाऱ्याच्या खोलीच्या दारातूनच म्हणाल्या, "पुन्हा आडवी झाली तर तुम्हालाच बोलावणार, काका." ह्यांनी मान हलवली आणि पुढचा भोपळा ओढला.

मी चिडवलं, "ओळखलं हो सवतीने! एका हाकेत उठली."

"ओळखलंच," हे म्हणाले. "हाकेमागून अंकुश येतो, ते ती विसरलेली नाही. उभ्या उभ्या मुतली, ते नाही बघितलंस?"

बघितलं होतं. वयाने होत असेल, असं वाटलं होतं मला.