मुंग्यांसाठी मिटलेला डबा

सिद्धी पुण्याहून बिस्किटांवरच्या रॉयल आयसिंगचा क्लास करून आली, तेव्हा मंचरच्या जैन घरात पहिला प्रश्न निघाला तो अंड्याचा. क्लासच्या बाई त्यातला पांढरा भाग घालायच्या. त्यानं साखरेची नक्षी कशी खडखडीत वाळते म्हणे. नीलमनं नुसतं लेकीकडं पाहिलं. सिद्धी हसली. पिठीसाखर, लिंबू नि दूध पावडरीत भागवू म्हणाली, फक्त भाद्रपदाच्या या दमट हवेत वाळायला वेळ लागेल.

नीलमचा जीव त्या बिस्किटांत अडकला होता. संवत्सरीचा उपवास झाला की दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचं, चुकलंमाकलं माफ करा म्हणून हात जोडायचे. पण नारायणगावच्या थोरल्या जाऊबाई, रुक्मिणीबाई, तिच्याशी बोलतच नव्हत्या. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात नीलमनं कढीची वाटी तोंडाजवळ नेली, आणि व्याह्यांदेखत ताट सरकवून म्हणाली होती, "यात आलं आहे." कंदमूळ न खाण्याचं व्रत तिचं, आलं घातलं आचाऱ्यानं, आणि मान खाली गेली ती रुक्मिणीबाईंची. त्यानंतर दर साली छापील कार्ड जायचं. उत्तर यायचं नाही. यंदा सिद्धीनं ते शब्द बिस्किटांवरच लिहायचं काढलं.

प्लॅस्टिकचा कोन धरून पोरीनं लिहिलं खरं, पण 'क्क'शी हात अडखळायचा. आयसिंग जरा सैल झालं की अक्षराला पोट सुटायचं. दुपारी लाइट गेली, पंखा थांबला. ती आल्यावर सिद्धीनं ताटं पंख्याखाली मांडली, आईला बजावलं की अजिबात झाकू नकोस, आणि संध्याकाळी प्रतिक्रमणाच्या प्रार्थनेला जैन स्थानकात गेली.

मागं राहिलेल्या नीलमला भिंतीवर मुंग्यांची ओळ दिसली. ताटांकडंच निघाली होती. ओल्या साखरेत एखादी चिकटून मेली तर? तेही सगळ्या जिवांची क्षमा मागायच्या दिवशी? तिनं बिस्किटं पटापट डब्यात भरली, झाकण घट्ट लावलं, आणि समाधानानं स्थानकाची वाट धरली.

सकाळी गावातली घरं उरकून मायलेकी एसटीनं नारायणगावला गेल्या. रुक्मिणीबाई "या" म्हणाल्या, तेवढंच. सिद्धीनं डबा उघडला आणि तिचा चेहरा पडला. आतल्या आत घाम सुटून अक्षरं विरघळली होती, वरच्या बिस्किटाच्या बुडाला खालची साखर लागली होती.

"काय लिव्हलं व्हतं गं?" रुक्मिणीबाईंनी सिद्धीला विचारलं.

सिद्धी सांगणार, तोच नीलमनं तिच्या हातावर हात ठेवला. ते दोन शब्द ती सकाळपासून दारोदार म्हणून आली होती. जिभेवरून सहज उतरले असते. इथं ते पुरणार नव्हते.

"भाभी," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी मला वाटी गुपचूप बाजूला ठेवता आली असती. माझं व्रत मी तुमची अब्रू घालवून पाळलं."

रुक्मिणीबाईंनी डबा जवळ ओढला. मग एवढं ओलं कसं झालं, असं त्यांनी विचारलं. सिद्धीनं मुंग्यांचं सांगितलं.

"म्हंजे मुंगीला जपलीस," त्या नीलमला म्हणाल्या, "आणि जावंला न्हाई."

"नाही जपलं," नीलम म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

रुक्मिणीबाई उठल्या. स्वयंपाकघराच्या दारात थांबून, पाठमोऱ्याच, त्यांनी पारणं झालं का ते विचारलं. नीलमनं मानेनंच नाही म्हटलं, मग लक्षात येऊन तोंडानं सांगितलं.

"मग मुगाचं पाणी ठेवते. इथंच सोड उपास." आतून पातेल्याचा आवाज आला, पाठोपाठ हाक. "सिद्धे, दिवाळीनंतर नातवाचं बारसं काढलंय. तवर हवा सुकंल नव्हं? बिस्किटांवर त्याचं नाव मातुर वाचता आलं पायजे. आदल्या दिवशीच ये, आईला घेऊन."